घरात काडतुसं भरायचं टेबल: सांगलीतल्या एका प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एका गृहस्थांकडे आजोबांच्या वेळची दुनळी बारा बोर बंदूक आहे. पीक राखणीसाठी घेतलेला परवाना रीतसर त्यांच्या नावावर झालाय. काडतुसं महाग पडतात आणि मिळतातही मोजकीच. अमेरिकेतले लोक गॅरेजात टेबल मांडून रिकाम्या केस, म्हणजे उडालेल्या काडतुसांची टरफलं, पुन्हा भरतात, ते व्हिडिओ त्यांनी पाहिलेत आणि वरच्या खोलीत छंद म्हणून तसंच टेबल मांडायचा विचार आहे. प्रेस, म्हणजे केस भरायचं यंत्र, कुठलं घ्यावं, वजनाचा काटा कुठला, आणि काडतुसात भरायची दारू या भागात कुठे मिळेल, असं विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. दारू शोधू नका, कुणाला विचारूही नका. प्रेसचंही तेच. काट्याचं उत्तर मात्र देणार आहे, कारण तो तुम्हाला खरंच लागेल.

मी या भागात बरीच वर्षं एअर रायफल शिकवतो. मुलांच्या रायफलींचे सील बदलणं, ट्रिगर लावून देणं, छर्‍यांचे लॉट (एका खेपेत बनलेला माल) तपासून देणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे टेबलाची ओढ मला पुरती कळते. पण आधी कायदा.

तुमच्याकडचा परवाना शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ खालचा, म्हणजे बंदूक आणि ठरावीक काडतुसं जवळ बाळगण्याचा. काडतूस बनवणं कलम ५ मध्ये येतं आणि त्याला वेगळा परवाना लागतो. बाळगायचा परवाना आहे म्हणून बनवायची मुभा आपोआप मिळत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: याच कायद्याच्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात काडतुसाचे सुटे भाग आणि काडतुसं बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा घातलेली आहे. म्हणजे दारूचा कण घरात नसला तरी नुसती प्रेस टेबलावर असणं हाच प्रश्न होऊ शकतो. ती परदेशातून मागवायची म्हटली तर कलम १० खाली आयातीचा परवाना आला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. दारूसाठी विस्फोटक अधिनियम १८८४ आणि २००८ चे नियम वेगळे, ते राबवणाऱ्या खात्याचं मुख्य कार्यालय नागपूरला.

‘रिकामी केस पुन्हा भरणं म्हणजे बनवणं नव्हे’ असं छातीठोक सांगणारेही भेटतील. तुमचे आजोबा पितळी केस घरी भरत असतीलही. पण तो युक्तिवाद कोर्टात करून बघायची हौस असेल तरच धरा. तुमचं मन अगदीच मानत नसेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘चालतंय की’ याला काही किंमत नाही.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. तुमच्या प्रश्नात दोन इच्छा एकमेकींत गुंतल्यात. एक, स्वस्तात भरपूर नेमबाजी करायची. दोन, हातानं काहीतरी बारीक, मोजूनमापून करायचं आणि त्याचा परिणाम कागदावर बघायचा. बारा बोर या दोन्हींसाठी चुकीचं हत्यार आहे. छर्‍यांच्या काडतुसात आत शंभरावर दाणे असतात, ते पसरण्यासाठीच असतात. घरी कितीही निगुतीनं भरलं तरी कागदावर सुधारणा दिसणार कुठे? त्या व्हिडिओतले लोक जे करतात त्याची खरी मजा लांब पल्ल्याच्या रायफलीत आहे, आणि ती आपल्याकडे तुम्हा-आम्हाला मिळणारी गोष्ट नाही.

शिवाय हेही बघा की आपल्या भागातून जे नेमबाज वर गेले त्यांच्या खेळात रिलोडिंग, म्हणजे केस पुन्हा भरणं, आलंच नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं (पालथं पडून मारायच्या प्रकाराचं) जगज्जेतेपद मिळवलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकाराचं) कांस्य आणलं. दोघांचीही रायफल पॉइंट टू टू रिमफायर. रिमफायरमध्ये ठिणगीचा मसाला केसच्या कडेतच असतो आणि पिन ती कडच चेपते, त्यामुळे ती केस एकदा वापरली की संपली. उडत्या तबकड्या फोडणारे ट्रॅप-स्कीटवाले कारखान्यातली २४ ग्रॅमची काडतुसं वापरतात. १० मीटरच्या एअर रायफलला तर दारूच नाही, ती हवेच्या दाबावर चालते. मग हे लोक अचूकता आणतात कुठून? लॉट तपासून. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा माल वेगवेगळ्या लॉटमध्ये वेगळा वागतो आणि प्रत्येक नळीला आपला एक लॉट आवडतो. तो शोधणं हाच आपल्याकडचा कायदेशीर, घरी करता येणारा आणि तितकाच व्यसन लावणारा छंद आहे.

म्हणून माझं म्हणणं: टेबल मांडा, पण एअर रायफलचं मांडा. ४.५ मिलिमीटर बोर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल याच्या कितीतरी खाली असते. हिशेब सोपा आहे. स्पर्धेचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम साडेसात ज्यूल. विकत घेताना दुकानदार ओळखपत्र मागेल, पावती देईल, ती जपून ठेवा. आणि स्प्रिंग बदलून किंवा रेग्युलेटर (हवेचा दाब ठरवणारा भाग) पिळून ताकद वाढवून देणारे जे असतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. २० ज्यूलची रेघ ओलांडली की तुम्ही पुन्हा परवान्याच्या हद्दीत आलात.

कुठली रायफल, हे खिशावर आहे. स्पर्धेची परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते. जुनी घेतलीत तरी चालते, पण तिच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. हे सिलिंडर २०० बार दाबाचे असतात आणि त्यांचं आयुष्य दहा वर्षं धरतात. दहा उलटून गेलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि मी माझ्या मुलांना ते घरीही भरू देत नाही. स्प्रिंगची देशी रायफल पुष्कळ स्वस्त मिळते, शिकायला वाईट नाही. पण तुमच्या टेबलाच्या हौसेला ती पुरी पडणार नाही, कारण स्प्रिंग सुटताना रायफल पुढेमागे हिसका देते आणि तुम्ही ती कशी धरलीय त्यावर गोळी जाते. ती व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला लावायच्या जबड्याच्या पकडीत, आवळून तपासता येत नाही. आवळलीत तर ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा झुबका, उलट मोठा येतो आणि दस्ताही तडकतो. ती मऊ उशीवर किंवा उघड्या तळहातावर सैल ठेवूनच मारायची.

टेबलाबद्दल फार लिहीत नाही. जड असावं, भिंतीला बोल्ट मारून घट्ट केलेलं असावं, एवढं खरं. बाभळीच्या जाड फळ्या कुठल्याही वखारीत मिळतात. बसून काम करायचं तर साधारण पाऊण मीटर उंची. एक व्हाइस, त्याच्या जबड्यांना चामडं किंवा रबर, मोजायला एक व्हर्नियर, चांगला पांढरा दिवा आणि जाड मऊ कापड, जेणेकरून घरंगळलेला छर्रा तिथेच थांबेल. टेबल वरच्या मजल्यावर घ्यायचं तुम्ही ठरवलंय ते उत्तम. २०१९ चा ऑगस्ट गावभागानं पाहिलाय, तळमजल्यावर लोखंडाची हौस करू नये. खाली हवा भरायचा पंप जरी ठेवलात तरी कृष्णामाई वाढायला लागली की आधी तो वर न्यायचा.

आता ज्यासाठी एवढं लिहितोय तो भाग. दुकानातून एकाच नावाचे, पण वेगवेगळ्या लॉटचे डबे घ्या. बहुतेक डब्यांत ५०० छर्रे असतात आणि लॉटचा क्रमांक डब्याच्या मागे किंवा कडेला असतो. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा लिहिलेला असेल. सुरुवातीला त्यात फार डोकं घालू नका. सिलिंडरवाल्या रायफलीचा दस्ता काढा, नळीला धक्का न लावता तिची बॉडी क्लॅम्पमध्ये धरा, १० मीटरवर कागद लावा आणि एकेका लॉटचे दहा-दहा छर्रे मारा. लॉट बदलला की पहिले काही छर्रे मोजायचे नाहीत, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्यायची. दहाही छर्रे एकाच भोकात जातील. ते भोक बाहेरून बाहेर मोजायचं आणि वहीत लिहायचं. छर्रा स्वतः ४.५ मिलिमीटरचा आहे, तेव्हा सगळं भोक साडेपाच-सहा मिलिमीटरमध्ये आलं तर लॉट फार चांगला. आठच्या पुढे गेलं तर तो डबा सरावाला.

हे मोजमाप कशाशी ताडायचं? १० मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पण छर्रा त्याला नुसता चाटून गेला तरी दहा मिळतात. म्हणजे छर्‍याचं केंद्र ठिपक्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरवर असलं तरी दहा. पण आता दशांशात गुण मोजतात, १०.० ते १०.९. त्या अडीच मिलिमीटरचे दहा भाग केले की एका दशांशाला पाव मिलिमीटर येतो. लॉटची किंमत इथे कळते.

आणि हाच हिशेब पुढे नेला तर तुमच्या काट्याचं उत्तर मिळतं. रिलोडिंगचे व्हिडिओ बघून येणारा माणूस पहिल्यांदा काय करतो, तर छर्रे तोलायला बसतो. संध्याकाळच्या संध्याकाळ एकेक छर्रा काट्यावर, पाच-सहा वाट्यांत वर्गवारी. बघायला छान वाटतं. पण समजा एक छर्रा दुसऱ्यापेक्षा ५ मिलिग्रॅम जड आहे, म्हणजे वजनात सुमारे एक टक्का फरक. हवेचा जोर तोच, तेव्हा वेगात फरक अर्ध्या टक्क्याचा. १० मीटर जायला छर्‍याला सेकंदाचा सुमारे सहा शतांश वेळ लागतो आणि तेवढ्यात तो पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास खाली येतो. वेग अर्धा टक्का बदलला तर ही घसरण एक टक्का बदलते, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. एका दशांशाहूनही कमी. आणि चांगल्या लॉटमध्ये ५ मिलिग्रॅमचा फरक क्वचितच असतो. उलट छर्‍याचा घागरा, म्हणजे मागची पातळ कड, जरा चेपलेली असेल तर तो कुठे जाईल याचा नेम नाही. म्हणून तोलण्याआधी बघायला शिका. दिव्याखाली एकेक छर्रा उलटा करून कड गोल आहे का, शिशाचा कण चिकटलाय का, एवढं पाहिलंत की निम्म्याहून जास्त काम झालं.

तरी काटा घ्या म्हणतो, कारण तो डब्याची परीक्षा करायला उपयोगी पडतो. प्रत्येक डब्यातून मूठभर छर्रे काढून तोलायचे. वजनं पसरट आली तर तो डबा क्लॅम्पपर्यंत न्यायचीही गरज नाही. मिलिग्रॅम दाखवणारा सराफी काटा पुरतो. आपल्याकडे त्याची चौकशी करायला लांब जायला नको. विटा-खानापूरकडचे गलाईवाले देशभर सोनंचांदी गाळतात, त्यांच्यापैकी कुणी ओळखीचं असेल तर कुठला काटा टिकतो आणि वाऱ्याच्या झुळकीनं कुठला नाचतो हे तोंडपाठ सांगेल. पंखा बंद करून तोला, एवढं माझ्याकडून.

वेग मोजायचं यंत्र, क्रोनोग्राफ, पहिल्या वर्षात नको. नंतर घेतलंत तर त्याचा खरा उपयोग रेग्युलेटर तपासायला. दहा छर्‍यांत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगात सेकंदाला तीनेक मीटरच्या वर फरक दिसू लागला तर छर्रे नाही, रायफल तपासायची वेळ आली. वरच्याच गणितानं तीन मीटरचा फरक म्हणजे कागदावर अर्धा-पाऊण मिलिमीटर वरखाली. तोललेल्या वजनापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे, आणि लोक दुर्लक्ष करतात तो याच्याकडे.

हवा भरण्याबाबत मी कडक आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत कुठेही सिलिंडर मिळतं, आणि कुणीतरी हमखास सुचवतो की वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून घे, स्वस्त पडतो. हे कधीही करू नका. जास्त दाबाचा ऑक्सिजन तेलाच्या थेंबाला भेटला की आपोआप पेटतो, आणि ते सिलिंडर तुमच्या गालाजवळ असतं. फक्त कोरडी, गाळलेली हवा. हातपंप वापरलात तर जून ते सप्टेंबर आपल्या दमट हवेत पाणी आत जातं, तेव्हा पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर हवाच आणि मध्ये मध्ये थांबून पंप थंड होऊ द्यायचा. सीलला सिलिकॉनचं ग्रीस, तेही नखाच्या टोकावर मावेल एवढं. शिलाई मशीनचं तेल, गाडीचं ग्रीस, तेलाच्या फवाऱ्याच्या बाटल्या, यातलं काही हवेच्या वाटेवर नको. आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा जोड लेथवर करून घेऊ नका. आपले लेथवाले हुशार आहेत, हुबेहूब करून देतील. पण २०० बारला कुठला धातू आणि कुठली आटी लागते ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

शिसं विषारी आहे हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. टेबलावर चहा नाही, तंबाखू तर नाहीच. छर्रे तोंडात धरायची सवय जत्रेत फुगे फोडणाऱ्यांकडून पोरं उचलतात, ती पहिल्याच दिवशी मोडा. काम झालं की साबणानं हात. खाली सांडलेली शिशाची पूड झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं वेगळं ठेवा. जुन्या डब्यातल्या छर्‍यांवर पांढरी भुकटी दिसली तर डबाच बाद.

१० मीटर जागा कुठून आणायची, हे तुमच्या घरावर आहे. जुन्या वाड्यात ओसरीपासून परसापर्यंत एका रेषेत तेवढं अंतर बऱ्याचदा निघतं. निघत नसेल तर वरच्या खोलीत फक्त टेबल ठेवा आणि लॉट तपासायला रेंजवर जा. अभिनव बिंद्रा यांच्या घरी झिरकपूरला स्वतःची रेंज होती म्हणून आपणही गच्चीवर करू, असं म्हणणारे मला भेटतात. गच्ची नको. कठड्यावरून गेलेला छर्रा कुणाच्या अंगणात उतरेल सांगता येत नाही. बंद जागा, छर्‍यांमागे जाड लोखंडी पत्रा वरून पुढे झुकलेला, म्हणजे छर्रा खाली पेटीत पडेल, पेटीत चिंध्या. छर्रा जाईल त्या रेषेत दार येत असेल तर त्याला आतून कडी. उजेड कागदावर भरपूर हवा, स्पर्धेत निदान १५०० लक्स असतो. साध्या एलईडीच्या दोन पट्ट्यांनी काम भागतं. आणि पाखरं, माकडं, शेजाऱ्याचं कुत्रं यांच्यावर ही रायफल रोखायची नाही. सागरेश्वर अभयारण्याच्या आसपास छर्‍याच्या बंदुका घेऊन फिरणारी पोरं मी पाहिलीत. १९७२ चा वन्यजीव कायदा एअर रायफलला वेगळी सूट देत नाही.

खरेदीचा क्रम विचाराल तर आधी जिल्हा रायफल संघटनेचं सभासदत्व, मग तिथल्या रायफलीवर काही महिने, मग स्वतःची रायफल, मग टेबल, व्हाइस आणि काटा. छंद टिकतो की नाही हे काटा घेण्याआधी कळलेलं बरं.

राहता राहिली बारा बोर. ती विकून टाका असं मी म्हणत नाही, पण तिच्यासाठी दोन कामं कराच. पहिलं, ती परवानाधारक गनस्मिथला दाखवून चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागाची, लांबी मोजून घ्या. जुन्या बंदुकांचं चेंबर बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचं असतं आणि आज मिळणारी बरीचशी काडतुसं ७० ची. काडतुसाची लांबी उडाल्यावर, तोंड उलगडल्यानंतरची मोजतात, त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये निमूटपणे बसतं आणि बार होताना तोंड उलगडायला जागा न मिळाल्यानं दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं, असं इथे नसतं. नळ्या जुन्या पिळाच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या असतील, तर ती भिंतीवरच शोभेल. रानडुकरांचा त्रास हा तुमचा खरा प्रश्न असेल तर तो आधी वनखात्याकडे लेखी न्या, परवान्यातल्या ‘पीक संरक्षण’ या शब्दांनी शिकारीची मुभा मिळत नाही.

दुसरं काम, आजोबांच्या ट्रंकेतली काडतुसं. बुडावर ‘केएफ’ असा शिक्का दिसला तर ती खडकीच्या कारखान्यातली. पितळ हिरवं पडलेलं, कागदी केस फुगलेली, टोपीभोवती गंज, अशी जी निघतील ती उडवून बघू नका आणि उघडून आत काय आहे तेही बघू नका. परवान्यावरच्या संख्येशी मोजून जुळवा, यादी करा आणि परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात लेखी पोच घेऊन जमा करा. निवडणुकीत बंदूक जमा करायला तुम्ही जाताच, तेव्हा तिथला कारकून ओळखीचा असेलच. अंकलीच्या पुलावरून नदीत टाकून मोकळं व्हायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका; परवान्याच्या वहीत ती काडतुसं तुमच्या नावावर तशीच राहतात.